दिवाळ्याच्या होडीवरची ढिली दोरी

प्रिय रेवा आणि निहार,

रेवा, तुला फोटो त्याच दिवशी मिळाले, म्हणजे तुझं काम झालं. पण फोटोत अक्षरं दिसतात, ती कशी मिळाली ते दिसत नाही. निहार, तुझं मराठी वाचन हळू आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून वाक्यं लहान ठेवली आहेत. अडलास तर ताईला विचार.

आधी काम काय होतं ते निहारसाठी सांगते. तुझी ताई तिकडे परदेशी कॉलेजात अक्षरं घडवायला शिकते. पुस्तकातली नव्हे, पाट्यांची, मोठ्या मथळ्यांची. पुस्तकातलं अक्षर म्हणजे वरणभात, रोज खावं आणि विसरून जावं. पाटीचं अक्षर म्हणजे पुरणपोळी. रोज परवडणार नाही, पण आठवण तिचीच राहते. ताईने देवनागरीत असा एक फॉन्ट करायला घेतला होता. तिच्या बाईंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, अक्षरं गुणी आहेत, पण ही कुठून आली? ताईकडे उत्तर म्हणून एकच फोटो होता. चार वर्षांपूर्वी सुट्टीत आलेली असताना बेलापूरच्या खाडीजवळ दिवाळे गावात काढलेला. निळ्या होडीवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं नाव : 'जलपरी'. चार अक्षरांवरून सगळी वर्णमाला कशी करणार? त्याच हाताची बाकीची अक्षरं हवी होती. सोमवारी काम दाखवायचं होतं, नाहीतर वर्षअखेरच्या प्रदर्शनात ताईला टेबल मिळणार नव्हतं. तिचा फोन आला बुधवारी.

"आजी, तुला वेळ आहे का?" असं तू विचारलंस, रेवा. मी पिशवी भरायला घेतली तेव्हा तू अजून बोलतच होतीस.

गुरुवार, नेरूळ

कराड ते वाशी एसटीचं वर्णन करण्यासारखं काही नाही. बस वेळेवर सुटली, वेळेवर पोहोचली नाही.

नलिनी मला घ्यायला आली होती. नलिनी आणि मी पाटबंधारे खात्यात एकाच खोलीत बावीस वर्षं काढली. ती कारकून, मी ट्रेसर. म्हणजे धरणांचे, कालव्यांचे नकाशे पारदर्शक कापडावर शाईने उतरवून त्यावर अक्षरं लिहिणारी. आमच्या साहेबांना माझं लेखन आवडे, कारण ते कुणी लिहिल्यासारखं दिसत नसे. नलिनी मूळची मराठवाड्यातली. निवृत्तीनंतर मुलाकडे नेरूळला आली आणि आता ती इथल्यासारखी बोलते.

"सुमन, टेन्शन नको घेऊस," ती रिक्षात म्हणाली. "दिवाळं काय, अर्ध्या तासावर. पण डायरेक्ट जाऊन तू बोलणार काय? एक दिवस बाकीचं बघ. डोळे तयार कर."

रात्री तिने येसरची आमटी केली. धान्य आणि मसाले भाजून दळलेल्या त्या पिठाचा वास मला आमच्या जुन्या ऑफिसातल्या डब्यांपर्यंत घेऊन गेला. कराडची आमटी जीभ पोळते. ही घशात पोहोचल्यावर सांगते की मी आले आहे.

शुक्रवार, वाशीचा घाऊक बाजार

डोळे तयार करायला नलिनीने मला एपीएमसी मार्केटात नेलं. आमच्या कराडच्या मंडईत मी दर गुरुवारी जाते, म्हणून मला वाटलं होतं की बाजार मला माहीत आहे. इथे धान्याच्या एका गल्लीत आमची मंडई बसेल, आणि वर एक ट्रक.

मला पाहायची होती पोत्यांवरची अक्षरं. व्यापाऱ्याची खूण आणि मालाचं नाव पत्र्यात कोरलेलं असतं. तो पत्रा पोत्यावर ठेवायचा आणि वरून ब्रश फिरवायचा. एक गृहस्थ झपाझप पोती छापत होते. मी पत्रा उचलून पाहिला तर प्रत्येक अक्षर मध्ये तुटलेलं.

"हे असं का तोडलं आहे?" मी विचारलं.

"तोडलं नाय आजी, जोडलंय," ते ब्रश न थांबवता म्हणाले. "'ळ'चं पोट बघा. पूर्ण गोल कापलं तर पोट गळून पडणार की खाली. म्हणून मधी पूल ठेवायचा. माणसाचं पण तसंच असतंय, कुठंतरी चिकटलेलं पायजे."

बोलण्यावरून ते आमच्याच बाजूचे वाटले. विचारलं तर कोरेगावचे. मग पाच मिनिटं सातारा जिल्ह्याच्या पावसावर बोलणं झालं आणि तिथेच माझी चूक झाली. मी ऐकता ऐकता मागे टेकले. मागे नुकतंच छापलेलं पोतं होतं.

नलिनी हसत सुटली. "सुमन, तुझ्या पाठीवर तूरडाळ आलीय! उलटी!"

माझी फिकी पिवळी साडी तुम्हाला आठवत असेल. आता तिच्यावर 'तूरडाळ' आरशातून वाचता येते. कोरेगावकर म्हणाले, "डाग जायचा नाय आजी, पण माल चांगला हाय." मी ती साडी टाकलेली नाही.

शनिवार, दिवाळे

शनिवारी मी पूर्ण तयारीनिशी गेले. ताईने मला हव्या असलेल्या अक्षरांची यादी पाठवली होती. मी बसमध्येच हिशेब मांडला होता : गावातल्या सगळ्या होड्यांची नावं वाचायची, मिळतील ती अक्षरं टिपायची, उरलेली रंगाऱ्याकडून लिहून घ्यायची. त्यासाठी जाड कागदाच्या चार तावांवर पेन्सिलने चौकोन आखून ठेवले होते. दोन इंची, शिरोरेषेसकट.

दिवाळे म्हणजे उंच इमारतींच्या पायाशी बसलेलं कोळ्यांचं गाव. रिक्षा मोठ्या रस्त्यावरून वळते आणि एकदम मासळीचा वास आणि खारफुटीची हिरवी भिंत समोर येते. नारळी पौर्णिमा आठवड्यावर आली होती. होड्या ओंडक्यांवर चढवून रंगवायला घेतल्या होत्या. आमच्याकडे पोळ्याला बैलांची शिंगं रंगवतात, तशी घाई होती आणि तसाच अभिमान.

नावं टिपायला तासभर लागला. पण सगळ्या होड्या देवीच्या आणि दर्याच्या नावाच्या. धनलक्ष्मी, एकवीरा, पुन्हा धनलक्ष्मी, दर्यासागर, आईची कृपा. त्याच त्या अक्षरांची गर्दी. घ, छ, झ, ट, ठ, ड, ढ, थ, फ, भ, श, ष या बारांचा पत्ता नाही. ख, ङ आणि ञ धरून पंधरा.

रंगारी सापडला. गावातली सगळी नावं त्यांच्याच हातची. हिराजी पेंटर, वय सत्तरीच्या पुढे, लुंगी, कानामागे ब्रश. दोन बोटांच्या नखांत निळा रंग कायमचा बसलेला. 'जलपरी'चा फोटो दाखवल्यावर म्हणाले, "ही माजीच. होडी इकली उरनला. नाव बरा आला व्हता हिचा."

मी कागद पुढे केले. त्यांनी चौकोनांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मास्तरीनबाय, यात लिवू?"

"मी मास्तरीण नाही," मी म्हटलं, "पण हो, चौकोनात बसवा. एकाला एक."

ते मुकाट्याने बसले आणि पंधराच्या पंधरा अक्षरं लिहून दिली. एकही रेघेबाहेर गेलं नाही. मी खूश झाले. जागेवरूनच फोटो पाठवले.

ताईचं उत्तर संध्याकाळी आलं, नलिनीच्या गच्चीत मी चहा पीत होते तेव्हा. रेवा, तू फार जपून लिहिलं होतंस, तरी मला कळलं. "आजी, छान आहेत. पण ही त्यांची नाहीत. ही तुझी अक्षरं आहेत."

मी चष्मा लावून पुन्हा पाहिलं. खरंच होतं. कालव्याच्या नकाशावर लिहावीत तशी ती पंधरा अक्षरं रांगेत उभी होती, कुणी लिहिल्यासारखी न दिसणारी. 'जलपरी'त जे होतं, ते मीच चौकोन आखून बाहेर ठेवलं होतं.

"आता?" नलिनी म्हणाली.

"आता उद्याचा एकच दिवस आहे."

"मग उद्या पट्टी घरी ठेव."

रविवार, पुन्हा दिवाळे

नलिनीला सकाळी विहारात जायचं होतं, म्हणून मी एकटीच गेले. पट्टी खरोखरच घरी ठेवली. छत्री घेतली.

हिराजी एका होडीपाशी नाव लिहायला उभे होते आणि मी पहिल्यांदा त्यांना काम करताना पाहिलं. काल मी त्यांना बसवलं होतं ना! त्यांनी खडूची भुकटी लावलेली दोरी घेतली. एक टोक होडीच्या पुढच्या खिळ्याला बांधलं, दुसरं मागे धरलं. मला वाटलं, आता ताणून सोडतील. आम्ही नकाशावर असंच करायचो. पण त्यांनी दोरी ढिली सोडली. मध्ये ती झुलली, मग त्यांनी तळहाताने ती फळीवर नुसती दाबली. उमटलेली रेघ मध्ये खाली गेलेली, दोन्ही टोकांना वर. त्या रेघेला नाव लटकवलं.

"ताणत का नाही?" मी विचारलं.

"होडी कुठं सरल असते?" ते म्हणाले. "तिचा पोट बघा. सरल रेघ मारली का नाव तिच्या अंगावरना घसरल्यासारखा दिसतो. दोरी सोडली का ती होडीचाच ऐकते."

आणि अक्षरांची ती टोकं, रेवा, ज्यांना तू तुझ्या वहीत माशाच्या शेपट्या म्हटलं आहेस? मीही मोठ्या उत्साहाने विचारलं, "हे मासोळीवरून घेतलं ना?"

ते मनापासून हसले. "मासा कशाला? शेवटाला ब्रश फिरवला नाय का रंग गलतो खाली. तो गलू नये म्हनून."

हे तू तुझ्या बाईंना अवश्य सांग. मासा नंतर आला. आधी थेंब होता.

आता प्रश्न असा की ती पंधरा अक्षरं होडीवर लिहायची तर कुठल्या? रंगवलेल्या होडीवर तिच्या नावाखेरीज आणि नंबराखेरीज काही लिहीत नाहीत. मी विचारायलाही धजले नाही. शेजारी एक बाई पाटीत कोळंबी निवडत होत्या. त्या कालपासून माझ्याकडे पाहत होत्या.

"काय शोधताय गो बाय, दोन दिस झाला?"

त्या जनाबाय. त्यांची आणि माझी वयं सारखीच निघाली. मी सगळं सांगितलं. नात, बाई, सोमवार, चौकोन. चौकोन ऐकून त्यांनी हिराजींकडे पाहिलं आणि दोघं हसली. मग हाताने दाखवलं. पलीकडे ओंडक्यांवर एक जुनी होडी उभी होती, रंग उडालेली.

"ती माज्या सासऱ्याची. पुनवेनंतर मोडायची हाय. तिच्यावर लिवा काय लिवायचा तो."

पण हिराजी अडले. ब्रश कानामागे गेला.

"नाय जने. सुटी अक्षरां मी नाय लिवनार. होडीला नाव देतात. ती काय शालेची पाटी हाय? मोडायची असली म्हनून काय झाला?"

काल कागदावर त्यांनी पंधरा सुटी अक्षरं लिहिली, ती मी मागितली म्हणून. होडीवर ते तसं करणार नव्हते आणि मला ते एकदम पटलं. कालची अक्षरं तशी का आली तेही उमगलं. एकटं अक्षर कुणाला हाक मारणार?

घड्याळात साडेदहा. तिकडे ताई जागी होत असणार.

"मग नावंच लिही ना!" जनाबाय म्हणाल्या. "हिला अक्षरां पायजेत, तुला नाव पायजे. बाय, कुठला अक्षर नाय तुज्याकडं?"

"ढ," मी यादी पाहून म्हटलं.

"ढोमा!" जनाबाय म्हणाल्या. "लिव. मासा हाय तो, त्याला पन नाव हाय."

हिराजींनी मान डोलावली. माशाचं नाव हे नाव होतं.

"घ?"

"घोल!" मागून दुसरी कोळीण ओरडली.

"भ?" "भिंग!" "झ?" "झिंगा!" "ट?" "टोल!" "श?" "शेवंड!" तेवढ्यात पाच-सहा बायका पाट्या सोडून जमल्या. मासे संपले तेव्हा खाडी आली, त्यात ख आणि ड दोन्ही मिळाली. मग मीठ, थाळी, फळी. छ ला कुणाला काही सुचेना. सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी उघडी छत्री धरून उभी होते.

"बाय, डोक्यावर काय हाय तुज्या?" जनाबाय म्हणाल्या, आणि छत्रीही होडीवर गेली. ष ला एकीने आपल्या नातवाचं नाव दिलं, हर्षद. ङ आणि ञ साठी हिराजींनी बराच विचार केला आणि सांगितलं, "असा मासा नाय दर्यात." ती दोन तू घरीच केलीस, ना?

दोरीचं दुसरं टोक धरायला माणूस हवा होता. मी धरलं. पहिल्याच नावाला हिराजी थांबले.

"बाय, ताणू नका."

"मी ताणत नाही आहे."

"ताणताय. ढील द्या."

मुलांनो, बावीस वर्षं ज्या हाताने रेघ सरळ ठेवली, तो हात ऐकेना. मी सोडते म्हणायची आणि दोरी आपली ताठच. शेवटी जनाबाय आल्या आणि माझं मनगट धरून खाली केलं. दोरी झुलली. हिराजींनी तळहात दाबला. खडूची वाकडी रेघ उमटली आणि तिला 'ढोमा' लटकला. ढ चं पोट असं भरलेलं, टोक असं वळलेलं, की मला काही सांगावं लागलं नाही. तो 'जलपरी'चा सख्खा भाऊ होता.

एकदा सर आली. ओल्या लाकडावर ऑइल पेंट धरत नाही. जनाबायनी जुन्या लुगड्याने फळी पुसली आणि आम्ही तिघी-चौघींनी छत्र्या माणसांवरून काढून अक्षरांवर धरल्या. 'थाळी'चा थ तरी थोडा ओघळला. फोटोत तुला तो दिसला असेल. तो पाऊस आहे, शैली नाही.

दुपारी जेवण जनाबायकडे. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलांचं कालवण. मी म्हटलं, आमच्याकडे श्रावणात मासे-मटण नसतं.

"आमी श्रावण पाललाव तं खानार काय? कांदे?" त्यांनी विचारलं आणि वाढलं.

मी खाल्लं. दोनदा घेतलं. हे कराडला कुणाला कळवू नका.

जेवून आलो तर हिराजी ब्रश धूत होते. यादी संपली होती. जनाबाय होडीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. सासऱ्यांच्या होडीच्या दोन्ही अंगांवर मासे, मीठ, छत्री, कुणाचा नातू.

"हिराजी, सगल्या मासलीची नावा लिवलीस," त्या म्हणाल्या. "जिनं जल्मभर ती इकली, तिचा नाव कुठाय?"

"तुजा नाव होडीला? होडीला देवीचा नाव देतात."

"ही कुठं पान्यात जातेय आता? लिव. जागेचा भाडा समज."

मी टोक धरलं. यावेळी कुणाला काही सांगावं लागलं नाही. पुढच्या बाजूला, जिथे होडीचं नाव असतं तिथे, हिराजींनी सगळ्यांत मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'जनाबाय'. त्यातलं एकही अक्षर आमच्या उरलेल्या यादीत नव्हतं. जनाबायनी लांबून पाहिलं, जवळून पाहिलं, ओला रंग बोटाने चाचपला. मग पाटी उचलून कोळंबी निवडायला बसल्या. थोड्या वेळाने मान वर करून पुन्हा पाहिलं.

फोटो मी तीन वाजता पाठवले. ताईचं उत्तर आलं त्यात शब्द नव्हते, नुसती उद्गारचिन्हं होती. एरवी मला ते चाललं नसतं.

कराड

या गोष्टीला आता दोन महिने झाले. होडी मोडली. पण नाव असलेली फळी जनाबायनी काढून घेतली आणि घराच्या दारावर ठोकली, असं नलिनी सांगते. ती आता दर पंधरा दिवसांनी मासे घ्यायला तिथेच जाते आणि पैसे कमी करत नाहीत म्हणून तक्रार करते.

काल ताईचं पाकीट आलं. प्रदर्शनात तिच्या टेबलावर लावलेला मोठा कागद, घडी घालून. सगळी वर्णमाला आहे, ङ आणि ञ सुद्धा. सगळ्यांत वर, हातभर मोठं, 'जनाबाय'. सोबत हिराजी आणि जनाबायसाठी एकेक प्रत होती, त्या दोन्ही मी आजच दिवाळ्याला टपालाने पाठवल्या.

मग दार लावून कागद टेबलावर पसरला आणि जुनी पट्टी काढली. 'जनाबाय'च्या शिरोरेषेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ठेवली. मध्ये रेघ पट्टीच्या खाली गेली होती. चांगली चार मिलिमीटर.

बरोबर आहे, रेवा. बदलू नकोस.

तुमची,
आजी